गाडीतला आवाज आणि पिंपळगावची शाळा

नातवंडांनो, परवा फोनवर तुमच्यातल्या मोठीने सांगितलं की तिला गाडीचं लायसन्स मिळालं, पण बाबांनी अजून किल्ली हातात दिलेली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “आजी, गाडीत कसला तरी आवाज येतोय. बाबा म्हणतात, आधी तो बघून घेऊ, मग तू चालव.”

हे वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे, जवळजवळ याच शब्दांत. ते तुमच्या आजोबांचं होतं. तुमचे बाबा तेव्हा प्राथमिक शाळेत होते, आणि आठवायच्या गोष्टी कोणत्या हे ते लहानपणापासून निवडून घेत आले आहेत, त्यामुळे त्यांना यातलं काही आठवत नसणार. म्हणून आत्ता लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे. ज्याला वाचायला जड जाईल त्याने बाबांकडून मोठ्याने वाचून घ्यावं. ते त्यांनी मोठ्याने वाचावं अशी माझी इच्छाच आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडला एका कॉलनीत राहत होतो. आजोबांनी नांदगावच्या एका डॉक्टरांकडून त्यांची जुनी गाडी घेतली होती, फिकट निळ्या रंगाची. आजोबांची नोकरी नाशिक रोडला, सरकारी. न्यायला-आणायला कचेरीची बस कॉलनीच्या कोपऱ्यावर येई. म्हणजे सोमवार ते शनिवार गाडी दारात कापडाखाली उभी असे आणि रविवारी तिचं कापड काढून, तिला पुसून, सोमेश्वरपर्यंत फिरवून आणून पुन्हा कापड घालायचं असे. गाडीतून कुठे जायचं आहे म्हणून ती घेतलेली नव्हती. दारात असावी म्हणून घेतली होती, आणि ते काम ती चोख करत होती.

मला गाडी चालवता येत होती. लग्नाआधी वडिलांच्या गाडीवर शिकले होते. लायसन्स होतं आणि मुदत संपायच्या आत ते नवं करून आणण्याचा माझा नियम होता. चालवायला गाडी नसताना लायसन्स कशाला, असं आजोबा दर वेळी विचारायचे. गाडी आल्यावर त्यांनी तो प्रश्न विचारणं बंद केलं, पण किल्ली काही पुढे केली नाही.

अशात पिंपळगाव बसवंतला मुलींची नवी शाळा निघाली. मी शहरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. तिथल्या संस्थेचे अध्यक्ष, द्राक्षांचे आणि कांद्याचे मोठे व्यापारी, स्वतः घरी आले आणि मुख्याध्यापिका म्हणून याल का, असं मला विचारून गेले. आजोबांना नव्हे, मला विचारलं. ही त्या काळी नोंद घेण्याजोगी गोष्ट होती. शाळा सकाळची. शेतातली आणि घरातली कामं दुपारी असतात, मुली सकाळीच सुटतील, हा त्यांचा हिशोब. पण सकाळची पहिली एस.टी. शाळेची प्रार्थना होऊन गेल्यावर पिंपळगावात पोचायची. तिथे खोली घेऊन राहणं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं, आणि आलं असतं तर काढून टाकलं गेलं असतं. तेव्हा गाडीने जाणं एवढा एकच मार्ग उरला. मे संपायच्या आत त्यांना होकार किंवा नकार हवा होता. जूनमध्ये शाळा उघडायची होती.

मला ती शाळा हवी होती. दुसऱ्याच्या शाळेत तास घेऊन मला कंटाळा आला होता. भिंती, फळे, वेळापत्रक, सगळं पहिल्यापासून आपल्या मनाप्रमाणे लावायला मिळणार, या विचाराने मला दुपारची झोप लागेनाशी झाली होती.

आजोबा म्हणाले, “जरूर घे. माझी काहीही हरकत नाही. फक्त तो आवाज एकदा सापडू दे. हायवे आहे तो. भर रस्त्यात काही तुटून पडलं म्हणजे?”

आवाज खरा होता, तो काही त्यांनी काढलेला नव्हता. गाडी खड्ड्यातून गेली की ठक्, मग क्षणभर काही नाही, मग धम्म. वळणावर नुसतंच धम्म. कुणीतरी आत कोंडलंय आणि सभ्यपणे दार वाजवतंय, असं वाटे. आधी नव्हता. गाडी आल्यावर ब्रेकच्या कामासाठी पहिल्यांदा गॅरेजला जाऊन आली, त्यानंतर सुरू झाला. त्यामुळे गॅरेजवाल्यांबद्दल आजोबांचं जे मत होतं ते पक्कं झालं.

आता त्या मताबद्दल सांगायला हवं. गॅरेजवाला आपल्या गाडीतले चांगले भाग काढून घेतो आणि दुसऱ्याचे टाकाऊ भाग बसवतो, अशी आमच्या कॉलनीची श्रद्धा होती. देवावर विश्वास नसलेली माणसंसुद्धा हे मानत. म्हणून गाडी गॅरेजला पाठवायच्या आदल्या संध्याकाळी ती घरात रिकामी केली जाई. वायपरच्या पट्ट्या, पायाखालच्या रबरी चटया, आतला आरसा, रेडिओची दांडी, डिकीतली स्टेपनी, जॅक, पान्यांची पिशवी, पाण्याचा डबा. हे सगळं आमच्या बोळात, जिथून स्वयंपाकघरात जायचा रस्ता होता, तिथे मांडलं जाई. पेट्रोल गॅरेजपर्यंत पुरेल एवढंच ठेवायचं. बॅटरी काढली तर गाडी जाणार कशी, एवढ्याच अडचणीमुळे ती बिचारी जागेवर राही, पण तिच्यावर पांढऱ्या रंगाने खूण केलेली होती. गाडी परत आली की पुढच्या रविवारी सगळं पुन्हा जागच्या जागी. मधल्या काळात आम्ही स्टेपनीला वळसा घालून जेवायला जायचो.

आवाज शोधण्याचं काम रविवारी सकाळी होई. शेजारचे इंजिनिअर येत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते, आयुष्यभर कालवे बांधले होते आणि त्यांच्याकडे कधीही गाडी नव्हती. त्यामुळे गाडीविषयी ते मोकळेपणाने बोलू शकत. बॉनेट उघडून दोघं आत वाकून उभे राहत. येणारा-जाणारा थांबे. त्या काळात उघड्या बॉनेटपाशी थांबून आत न बघता पुढे जाणं हे उद्धटपणाचं समजलं जाई. प्रत्येक जण मत देऊन जाई आणि प्रत्येकाला चहा द्यावा लागे. आवाज मागून येतो की पुढून, यावरच पोह्यांची परात संपायची.

“वहिनी, आवाज हा फसवा असतो,” इंजिनिअर मला सांगत. “येतो इथून, ऐकू येतो तिथून. पाण्याचं असंच असतं.”

“मग धरणाची गळती तुम्ही कशी शोधायचात?” मी विचारलं.

“समिती नेमायचो,” ते म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते.

घरात आजोबांच्या मोठ्या बहीण होत्या, माझ्या वन्सं. लवकर विधवा होऊन भावाकडे आलेल्या. त्यांनी सगळ्यांत आधी निदान केलं होतं. “नांदगावात त्या डॉक्टरची गाडी एकटीच असेल. सगळं गाव बघायचं. दृष्ट लागली आहे.” त्यांनी पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. इंजिनिअर हसले, पण पुढच्या रविवारी आल्यावर त्यांनी आधी लिंबू ताजं आहे का ते पाहिलं.

भद्रकालीतल्या गॅरेजचा मिस्त्री हा खूप खात्रीचा माणूस होता. गाडी त्याच्या दाराशी थांबायच्या आधीच त्याला कळलेलं असे.

“बुश गेलंय साहेब, चाकाच्या सांध्यातलं रबर.”

“मागच्या वेळी बुशच बदललं.”

“ते डाव्या अंगाचं. आता उजवं बोलायला लागलं. लय जुनी गाडी हाय साहेब, एकाला नवीन कपडे घातले की दुसरं रुसतं.”

तो गाडी चालवून बघे, दोन-चार खड्डे मुद्दाम घेई आणि समाधानाने सांगे, “आता कुठाय आवाज? दाखवा.” आवाज खरोखर नसे. आजोबा खूश होऊन गाडी घरी आणत. रविवारी सगळं सामान डिकीत लावून सोमेश्वरला निघालो की पहिल्याच खड्ड्याला ठक्, मग धम्म.

“बघितलंस?” आजोबा म्हणत. “फसवलं त्याने.”

एप्रिलमध्ये इंजिनिअरांनी शास्त्रीय पद्धत सुचवली. एक माणूस डिकीत बसेल, गाडी हळू चालवायची, आणि आतला माणूस नेमकी जागा टिपेल. आतला माणूस म्हणून ते स्वतः बसले. त्यासाठी डिकीतलं सगळं काढून बोळात ठेवलं आणि झाकण अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधलं. निवृत्त कार्यकारी अभियंता गुडघे छातीशी घेऊन, हातात टॉर्च धरून, गंगापूर रोडवरून असे गेले. वाटेत एका लग्नाची मंडळी रस्ता ओलांडत होती, त्यांनी वाट दिली. कुणी हसलं नाही. काहीतरी अपघात झालेला दिसतो, असं त्यांना वाटलं असावं.

आवाज आला नाही. एकदाही नाही.

घामाने भिजलेले इंजिनिअर बाहेर येऊन म्हणाले, “सिद्ध झालं. माझ्या वजनाने मागची स्प्रिंग बसली. या गाडीला मागे वजन हवं.”

दुसऱ्या दिवशी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरून ते पोतं डिकीत, सगळ्या सामानाच्या वर ठेवलं गेलं. आवाज थांबला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, आता किल्ली मिळणार. पण ते म्हणाले, “थोडे दिवस बघू या. आवाज दबलाय, गेलाय असं नाही.” मग पोतं उसवलं, वाळू डिकीच्या कानाकोपऱ्यांत पसरली, आणि ते रिकामं झाल्यावर आत कोंडलेला माणूस पुन्हा दार वाजवू लागला.

गाडी नसली तरी घर माझ्या ताब्यात होतं, आणि बोळात काय आहे, काय नाही हे मला बघावं लागत नसे, पायाला कळे. बोळ भरलेला असला की गाडी गप्प असते आणि बोळ मोकळा झाला की बोलते. एका रात्री जेवताना मी म्हटलं, “अहो, डिकी रिकामी असली की आवाज येत नाही.”

“बरोबर,” आजोबा म्हणाले. “वजन कमी झालं की बुशवरचा ताण जातो.”

“पण वजन जास्त झालं की थांबतो, असं ठरलं होतं ना?”

हा मुद्दा रविवारी इंजिनिअरांपुढे ठेवला गेला. ते गडबडले नाहीत. “दोन्ही टोकांना थांबतो. मधे येतो. वहिनी, तुमचं निरीक्षण चांगलं आहे, निष्कर्ष घाईचा आहे.”

मी पोहे आणायला आत गेले.

मे संपत आला. गाडी पुन्हा गॅरेजला गेली होती, पुन्हा कसलं तरी बुश बदलून आठवड्याच्या मध्येच आली आणि दारात उभी राहिली. सामान बोळात. आजोबा सकाळच्या बसने कामाला गेले. त्याच दिवशी पिंपळगावच्या अध्यक्षांचा निरोप आला, की उद्या समितीची बैठक आहे, आपण येणार नसाल तर दुसऱ्या बाईंना बोलावतो. दुसऱ्या बाई कोण हे मला माहीत होतं. त्यांना वेळापत्रक लावता येत नव्हतं.

मी स्टेपनीला वळसा घालून स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला, पातळ बदललं, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि वन्संना सांगितलं, “मी पिंपळगावला जाऊन येते.”

“कशाने?”

“गाडीने.”

वन्संनी माझ्याकडे, मग बोळातल्या पसाऱ्याकडे पाहिलं. “ही चाकं-बिकं इथेच ठेवून?”

“हो.”

“जेवायला येशील ना?” एवढंच त्यांनी विचारलं.

वाटेत पेट्रोल भरलं. आडगाव नाका सोडला आणि मी कान देऊन ऐकायला लागले. रस्ता तेव्हा एकपदरी होता, कांद्याचे टेंपो आणि ट्रॅक्टर मधूनच चालत, आणि रस्त्याच्या कडा खाल्लेल्या होत्या. मी खड्डे चुकवले नाहीत. दहाव्या मैलाच्या अलीकडे एक मोठा होता, तो तर मी निवडून घेतला. गाडी उसळली आणि खाली बसली. बाकी काही नाही. ओझर गेलं. मागे पाहायला आरसा नव्हता, तो बोळात होता. त्यामुळे मागचे ट्रकवाले काय म्हणत होते ते मला फक्त ऐकू आलं.

पिंपळगावात शाळेची इमारत म्हणजे कांदे साठवायची जुनी चाळ नीट करून, पत्रे बदलून घेतलेली होती. अध्यक्षांनी फळे कुठे लावायचे ते विचारलं. मी सांगितलं. मग होकार दिला. चहा घेऊन परत निघाले.

घरी पोचायला संध्याकाळ झाली, कारण वाटेत मालगाडीसारखा लांबच लांब मेंढरांचा कळप हायवेवर चालला होता. आजोबांची बस येऊन गेली होती. फाटकात ते आणि इंजिनिअर उभे होते. कॉलनीच्या तोंडाशी गटारासाठी खणलेला चर होता. त्यावरून मी गाडी आणली तेव्हा दोघांनी मान कलती करून ऐकलं. सवयच लागली होती त्यांना. गाडी गप्प आली आणि त्यांच्या पुढ्यात थांबली.

“कुठे गेली होतीस?” आजोबा म्हणाले.

“पिंपळगावला. नोकरी घेतली.”

“आणि आवाज?”

“तो घरी होता. बोळात.”

इंजिनिअर म्हणाले, “म्हणजे जाताना भार कमी होता, आणि रस्त्याचा उतार...”

“स्टेपनीशिवाय हायवेला गेलीस?” आजोबांचा आवाज आता चढला. “पंक्चर झालं असतं म्हणजे? आरसा नाही, जॅक नाही. हे बघ, आवाजाचं एक वेळ सोडून दे, पण अशा बेजबाबदार...”

वन्सं ओट्यावर शेंगा निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “आवाज सापडला ना रे? झालं तर मग. आता दुसरं काही शोधत बसू नकोस.”

मग आजोबा आत गेले, बोळात उकिडवे बसले आणि स्टेपनीकडे पहिल्यांदाच नीट पाहू लागले. तिच्या मधोमध एक भोक होतं. डिकीच्या तळाच्या खोलगट जागेतही एक होतं. दोन्हींतून जाणारं काहीतरी असायला हवं होतं. स्टेपनी त्या खोलगट जागेत मोकळी पडलेली आणि तिच्या मधल्या बशीसारख्या खळग्यात जॅक. आधी जॅक उडायचा, मग स्टेपनी. ठक्, मग धम्म.

“इथे एक लांब बोल्ट असणार,” ते म्हणाले. “त्या मिस्त्रीने ढापला.”

“लांबसा, डोक्याला कान असलेला?” वन्संनी बाहेरून विचारलं. “तो माझ्या ट्रंकेत आहे. पहिल्यांदा गाडी गॅरेजला द्यायची होती तेव्हा तूच आणून दिलास. म्हणालास, ताई, हा हरवायला नको, नीट ठेव. ठेवलाय नीट.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं? तुम्ही बुश शोधत होतात.”

बोल्ट ट्रंकेतल्या हिंगाच्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेला होता. त्यावर गंज नव्हता. आजोबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बसची वाट बघायच्या आधी तो स्वतः बसवला आणि इतका आवळला की पुढे एकदा खरोखर पंक्चर झालं तेव्हा तो सोडवायला दोन माणसं लागली. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली नाही. जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि वर्तमानपत्र वाचत राहिले. मी ती उचलली. बोलणं एवढंच झालं.

तुमच्या आजोबांना मी दुष्ट ठरवत नाही. त्यांना मला अडवायचं होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांना आवाज शोधायला आवडत होतं आणि तो सापडला तर काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, एवढंच. जूनपासून रविवारची सभा बंद पडली. इंजिनिअर काही दिवस उदास दिसायचे. नंतर समोरच्या घरात पाण्याच्या टाकीचा आवाज यायला लागला आणि त्यांना पुन्हा तरतरी आली. गाडीच्या बाबतीत मात्र ते अखेरपर्यंत म्हणत राहिले की मूळ दोष बुशचाच होता आणि बोल्ट हा योगायोग.

मी नोकरी संपेपर्यंत रोज सकाळी पिंपळगावला जात राहिले. निळी गाडी ऐंशीच्या दशकात दुसरी घेतली तेव्हा विकली, पुढे तिचं काय झालं ठाऊक नाही. वन्सं गेल्या, इंजिनिअर गेले, आजोबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कॉलनीत बंगल्यांच्या जागी इमारती आल्या आणि आमचा बोळ आता कुणाच्या तरी पार्किंगमध्ये असेल. हायवे एवढा रुंद झाला की दहाव्या मैलाचा तो खड्डा कुठे होता हे मलाही दाखवता येणार नाही. शाळा आहे. पत्र्यांच्या जागी स्लॅब आहे, मुली पुष्कळ आहेत, आणि ती अजून सकाळचीच भरते.